चार चाकांवरचे बिऱ्हाड

दिवाळीच्या सुट्टीत मी चिपळूणला माझ्या खालाजानकडे गेले, तेव्हा अंगणातल्या गाडीच्या मागच्या दारातून दोन पाय बाहेर आलेले दिसले. खालू आत उताणे पडून टेपने छताची उंची मोजत होते. "तुझी खाला बसून नमाज पढते ना, तेव्हा तिच्या डोक्यावर किती जागा उरते ते बघतोय," ते आतूनच म्हणाले. खालाजान पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. "वर्ष झालं, ह्यांचं मोजणं काही संपत नाही," ती म्हणाली आणि मला बसायला पाट सरकवला.

मोटारहोम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पलंग, ओटा, फ्रिज, शौचालय असलेली बस येते. तशा गाड्या आता आपल्याकडेही भाड्याने मिळतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणसुद्धा आणले. खालूंची गाडी त्यातली नव्हे. शाळेची मुले, दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या ज्यातून जातात तसली ती जुनी व्हॅन आहे. पण नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या वर्षभरात या दोघांनी तिच्यातून २३ सफरी केल्या. सर्वांत लांबची सफर ९० किलोमीटरवरची होती, सर्वांत जवळची ४ किलोमीटरवरची. चार किलोमीटरला कोणी सफर म्हणते का, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते.

खालू एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाले तेव्हा मोठा मुलगा कुवेतला, धाकटा दोह्याला. कोकणातल्या आपल्या किती घरांची ही कथा आहे, ते मी वेगळे सांगायला नको. पैसे येतात, व्हिडिओ कॉल येतात आणि संध्याकाळी दोन माणसे चार खोल्यांत एकमेकांना हाका मारत राहतात. तरीही त्यांचे बरे चालले होते. मग २२ जुलै २०२१ उजाडला.

चिपळूणच्या त्या पुराविषयी वर्तमानपत्रांत भरपूर आले आहे. खालाजानचे घर तळमजल्याचे. वाशिष्ठीचे पाणी पहाटे अंगणात आले, उजाडायच्या आत चुलीवर चढले. दोघे नेसत्या कपड्यांनी शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेले आणि तो दिवस व ती रात्र तिथेच काढली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. फ्रिज गेला, शिलाई मशीन गेले, मुलांचे लहानपणचे फोटो गेले. आमच्या नानीने उर्दूत लिहिलेली पाककृतींची वही होती, तिचा लगदा झाला. त्या वहीविषयी खालाजान अजून बोलत नाही. फ्रिजविषयी बोलते.

पुढच्या वर्षभरात घर पुन्हा उभे राहिले, भिंतींना रंग लागला. पण खालाजानला दोन गोष्टी जमेनाशा झाल्या. पावसाचा आवाज आला की ती घरात झोपू शकत नसे, आणि कोरड्या दिवसांतही घर सोडून कुठे रात्र काढू शकत नसे. माझ्या बहिणीच्या मुलीच्या निकाहलासुद्धा ती सकाळी आली आणि जेवण होताच परत गेली. "घर एकटं कसं टाकू?" एवढेच म्हणाली. मुलांनी कुवेतला बोलावले, व्हिसाचे बोलणे झाले. तिने पासपोर्ट कपाटातून काढलाच नाही.

गाडीची कल्पना खालूंची. नोकरीत असताना एखादी बस घाटात बंद पडली की त्यांना ब्रेकडाऊन व्हॅन घेऊन जावे लागे. कित्येकदा रात्र त्या व्हॅनमध्येच, हत्यारांच्या पेटीला टेकून काढलेली. "दुसऱ्याच्या घरी मला कधी झोप लागली नाही. त्या व्हॅनमध्ये लागायची," ते सांगतात. दुसऱ्याच्या घरी, हॉटेलात जी बाई राहायला तयार नाही, तिच्याबरोबर तिचे अंथरूणच न्यावे, असा त्यांचा हिशेब. २ लाख १० हजारांना जुनी व्हॅन मिळाली. सुतारकाम, गादी, मच्छरदाणी, पाण्याचे कॅन मिळून आणखी १४ हजार गेले.

पहिली रात्र गुहागरला. घरापासून ४५ किलोमीटर. समुद्र पाहिला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, इशा पढून आडवे झाले. रात्री दोन वाजता खालाजान उठून बसली आणि म्हणाली, "घरी चला." खालूंनी एक शब्दही न बोलता गाडी चालू केली. साडेतीनच्या सुमारास पोचले. कुलूप जसेच्या तसे होते. तिने दिवा न लावता भिंतीवरून हात फिरवला. भिंत कोरडी होती. मग ती फजरपर्यंत गाढ झोपली.

"त्या रात्री मी चिडलो असतो तर गाडी विकावी लागली असती," खालू म्हणतात. त्यांनी उलट दुसऱ्या दिवशी नियमच करून टाकला: दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नाही, आणि कुठूनही दोन-अडीच तासांत घरी पोचता आले पाहिजे. निवृत्तीनंतर काश्मीर, केरळ करून आलेल्या त्यांच्या मित्रांना याचे हसू येते. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. खालाजानला मधुमेह आहे, खालूंचे गुडघे दुखतात. घर जवळ असले की औषध विसरले तरी बिघडत नाही, आणि कंटाळा आला तर कोणाला कारण द्यावे लागत नाही.

आता गाडीविषयी, कारण अनेक जण हेच विचारतात. विकत घेतलेल्या गाडीत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीने बनवली त्याहून वेगळी करायला बंदी आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. सीट काढून टाकले, छप्पर उंचावले, पलंग बोल्टने पक्का केला की नोंदणीशी मेळ बसत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळते. खालू आयुष्यभर नट-बोल्टमध्ये राहिलेले. तरी त्यांनी या गाडीला एकही भोक पाडलेले नाही. मागचे सीट पुढे दुमडते, त्यावर तीन प्लायवूडच्या पेट्या एकाला एक लावून ठेवल्या की साडेसहा फुटांचा बिछाना होतो. पेट्यांत भांडी, कपडे, मुसल्ले. घरी आले की पेट्या उतरवून ठेवायच्या. कायद्याच्या भाषेत ते सामान, आमच्या भाषेत घर.

स्वयंपाक कधीही गाडीत नाही. शेगडी बाहेर, वाऱ्याला आडोसा करून. आणि इंजिन व एसी चालू ठेवून काचा बंद करून झोपायचे नाही, यावर ते फार कडक आहेत. धुराचा विषारी वायू आत साचला तर माणूस झोपेतच जातो, त्याला वासही येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे खाली, त्यांना आतून जाळी. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत गाडीत झोपणे अशक्य होते. तेव्हा सफरी बंद, रमजानमध्येही बंद. खालाजानच्या वहीत ही पाने कोरी आहेत.

वही हा या घरातला दुसरा मोठा विषय. शंभर पानी, उर्दूत, प्रत्येक सफरीला क्रमांक. वर्षभरात गाडी सुमारे ३,००० किलोमीटर फिरली, पेट्रोलला २३,००० रुपयांच्या आसपास लागले. पण हिशेबापेक्षा शेवटची पाने मला महत्त्वाची वाटली. तिथे तिने एक यादी केली आहे: कोणत्या मशिदीत बायकांना नमाजची वेगळी जागा आहे, कुठे वुजूला आडोसा आहे, कोणत्या पेट्रोलपंपावरचे शौचालय उघडे असते. यादी फार लांब नाही. पेट्रोलपंपावर शौचालय, पिण्याचे पाणी आणि हवा विनाशुल्क देणे पंपचालकावर बंधनकारक आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच बायकांना ठाऊकच नसते. एका पंपावर मुलगा म्हणाला, "आजी, बंद आहे." खालाजान म्हणाली, "बंद नाही, कुलूप आहे. चावी दे बाळा." त्याने दिली. मशिदींच्या बाबतीत चावी मागायची कोणाकडे, हा प्रश्न मी आपल्या जमातींच्या विश्वस्तांसाठी इथे ठेवते. वृद्ध स्त्री प्रवासात असेल, तिला शुगर असेल, तर तिने काय करायचे? खालाजानने स्वतःपुरता उपाय काढला आहे. घडीची कमोड खुर्ची, झाकणाची बादली आणि छत्रीसारखा उघडणारा छोटा तंबू. हे लिहायला मला संकोच वाटत होता. तीच म्हणाली, "लिही. यासाठीच बायका घराबाहेर पडत नाहीत."

नमाजचा विषय निघालाच आहे तर खालूंच्या मोजमापाची आणखी एक गोष्ट. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. प्रवासी माणसाने चार रकाती फर्ज दोन पढाव्यात, म्हणजे कसर करावी, त्यासाठी साधारण ऐंशी-बयाऐंशी किलोमीटरचा प्रवास हवा असे आमचे मौलाना सांगतात. गुहागर ४५, दापोली ६५, कोयनानगर त्याहून जवळ. म्हणजे बिछाना, शेगडी, पाणी घेऊन निघालेले हे दोघे शरियतच्या हिशेबाने प्रवासी नव्हेतच! हर्णै नेमके हद्दीवर. तिथे जाताना खालू गावाच्या वेशीपासून किलोमीटर मोजत होते, आणि आकडा थोडक्यात कमी पडला. "मग थोडं पुढे जाऊन या," खालाजान म्हणाली. ते म्हणाले, "कसरसाठी पेट्रोल जाळू?" चारही रकाती पढल्या.

हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो. होड्यांतून टोपल्या उतरतात, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज असा की नवख्याला एक आकडाही कळू नये. खालाजानने तिथे उभ्या उभ्या एका कोळणीकडून सुरमई घेतली आणि गाडीमागे शेगडीवर तळली. या सफरीतच त्यांची फजिती झाली. परतीच्या वाटेवर कर्दे किनाऱ्यावर खालूंनी गाडी वाळूत उतरवली. ओहोटी होती, वाळू टणक दिसत होती. असर होऊन येईपर्यंत मागची चाके रुतली आणि भरती सुरू झाली. सारी उमर बसगाड्या ओढून काढलेला माणूस, स्वतःची गाडी निघेना. गावातली आठ-दहा मुले दोर आणि झावळ्या घेऊन आली. चाकांखाली झावळ्या घालून गाडी बाहेर काढली, तेव्हा लाटा दहा पावलांवर होत्या. पैसे घेतले नाहीत. एकाने फक्त सांगितले, "काका, समुद्राला पार्किंग कळत नाही." वहीत या सफरीपुढे लाल शाईने एक रेघ आहे.

दाभोळला ते तीनदा गेले. चिपळूणची वाशिष्ठी तिथे समुद्राला मिळते. धोपाव्याहून गाडी फेरीबोटीत चढवायची आणि खाडी ओलांडायची. ज्या नदीने घर बुडवले तिच्यावरून जायला खालाजान पहिल्यांदा तयार नव्हती. गाडीतून उतरलीच नाही, डोळे मिटून दुआ पढत राहिली. दुसऱ्यांदा कठड्यापर्यंत आली. पलीकडे बंदराजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, १६५९-६० च्या सुमाराची. विजापूरची शाही खानदानातली एक स्त्री मक्केला जायला निघाली, दाभोळला अडकून पडली आणि जवळचे धन तिने मशीद बांधण्यात घातले, अशी कथा तिथे सांगतात. एकेकाळी इथून हाजींची जहाजे सुटत, हे खरेच. त्या बाईला पुढे जाता आले की नाही, हे खालाजानला जाणून घ्यायचे होते. मशिदीत भेटलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली.

सर्वांत लांबची सफर रत्नागिरीची. तिथे कसर पढायला मिळाली म्हणून खालू खूश. खालाजानला थिबा राजवाडा पाहायचा होता. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी त्याला १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी राणी-मुलींसह रत्नागिरीला आणून ठेवले. हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आपल्या देशात तो कधी परतला नाही. खालाजान वरच्या गच्चीवर पुष्कळ वेळ उभी होती. तिथून खाडी आणि समुद्र दिसतो. "एवढं मोठं घर, आणि निघायची मुभा नाही," ती म्हणाली. खालू जिन्याचे सागवान पाहत होते.

मुलांना काळजी वेगळीच होती. "आजकालचे दिवस बघता," मोठा मुलगा कुवेतहून म्हणायचा आणि वाक्य अर्धे सोडायचा. दाढीवाला म्हातारा, बुरख्यातली बाई, रात्री अनोळखी गावात उभी असलेली गाडी. काळजी खोटी नव्हती. गुहागर तालुक्यातल्या एका गावात रात्री अकराला काचेवर टकटक झाली. पोलीस पाटील आणि बरोबर चौघे. कोण, कुठले, इथे कशाला? खालूंनी लायसन्स, गाडीची कागदपत्रे दाखवली. खालाजानने पेटीवरचा बिछाना दाखवला. पाच-दहा मिनिटे अवघड गेली, हे दोघेही कबूल करतात. शेवटी पाटील म्हणाले, "झोपा आजोबा. पण आल्या आल्या सांगत चला, गावाला झोप लागत नाही." त्यानंतर त्यांनी रीतच पाडली. गावात शिरले की आधी किराणा दुकानात जायचे, पाव किलो साखर घ्यायची आणि सांगायचे, आम्ही नवरा-बायको, चिपळूणचे, आज रात्री अमुक ठिकाणी थांबतोय. साखरेची पुडी घेऊन बाहेर पडेपर्यंत अर्ध्या गावाला कळलेले असते. कधी कोणी अंगणात गाडी लावा म्हणते, कधी कोणी म्हणत नाही. जिथे मान हलली नाही, तिथून ते निघाले. अशी दोन गावे वहीत आहेत, नावे लिहिलेली नाहीत.

आता चार किलोमीटरची सफर. २०२३ च्या जुलैत, इर्शाळवाडीवर दरड कोसळली त्या आठवड्यात, चिपळूणलाही धो धो पाऊस होता. नदीच्या पातळीचे निरोप मोबाइलवर यायला लागले. दोन वर्षांपूर्वीचा दिवस पुन्हा समोर आला. मी शाळेतून फोन केला, तेव्हा मला रडणे ऐकू येईल असे वाटले होते. खालाजानचा आवाज घाईचा होता. "पेट्या भरतेय, नंतर बोल." फ्रिज विटांवर चढवला, कागदपत्रे आणि पासपोर्ट पेटीत, औषधे पेटीत, तांदूळ वरच्या फळीवर. दुपारी दोनला दोघे निघाले आणि शहराच्या उंच बाजूला, खालूंच्या जुन्या सोबत्याच्या अंगणात गाडी उभी केली. सोबत्याने घरात बोलावले. खालाजान म्हणाली, आम्ही आमच्या घरात आहोत. दोन रात्री टपावर पाऊस वाजत होता आणि ती झोपली. खालू जागे होते, म्हणून त्यांना माहीत.

पाणी त्या वेळी घरापर्यंत आले नाही. तिसऱ्या दिवशी परतल्यावर तिने वहीत लिहिले: सफर क्रमांक १७, अंतर ४ किलोमीटर, रात्री २, पेट्रोल नगण्य. मी विचारले, याला सफर का म्हटलेस? ती म्हणाली, "त्या वर्षी पाण्याने मला घराबाहेर काढलं. यंदा मी कुलूप लावून, चावी पर्समध्ये टाकून निघाले. बिस्मिल्ला म्हणून निघाले. मग सफरच ना?"

सध्या गाडी अंगणातच आहे. खालूंना रात्री समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसू लागली होती, तपासल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे व्हायचे आहे. लायसन्सचे नूतनीकरणही जवळ आले आहे. पंचावन्न उलटल्यावर ते पाच-पाच वर्षांचेच मिळते आणि डॉक्टरचा दाखला लागतो. त्यांनी स्वतःच ठरवले आहे की डोळे पूर्ण बरे झाले तरी मगरिबनंतर गाडी चालवायची नाही. मुलांनी हे सांगण्याआधी त्यांनी सांगितले, याचे मला बरे वाटले.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा दुपारची वेळ होती. गाडीचे मागचे दार उघडे, पेटीवर उशी, आणि खालाजान आत पाय पसरून वही लिहीत होती. खालू डोळ्यावर काळा चष्मा लावून बाहेर खुर्चीत बसले होते आणि नानीच्या हातच्या सांदणात नारळाचे दूध किती असायचे यावर दोघांचा वाद चालला होता. मी वही पाहिली. सफरींची पाने मागे पडली होती, नव्या पानावर पाककृती होती. अर्धी आठवलेली, दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह. समोरच्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते: सफर क्रमांक २४, वेसवी-बागमांडला फेरीबोट, ऑपरेशननंतर, डॉक्टर हो म्हणाले तर.